ओळीच्या शेवटची तीन अक्षरं

ही वही ऑफिसातली नाही, माझी आहे. भद्रावतीच्या दुकानातून आणली आणि पहिल्या पानावर नाव घातलं नाही. दिवाळीच्या अंकांत माणसं आपापल्या कामाबद्दल लिहितात, ते मी वाचते. कोणी फौजदार असतो, कोणी स्टेशनमास्तर. मला कोणी विचारलं तर मी "ऑफिसात आहे" एवढंच सांगते. पुढं सांगायला गेलं की जीभ अडते. वहीसमोर अडत नाही.

माझं काम तारखा वाचण्याचं आहे.

शिक्षण चौथी. आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती. अक्षर बरं होतं म्हणून उन्हाळ्यात तेंदूपानांच्या फळीवर, म्हणजे विडीची पानं गोळा करायच्या जागी, मुन्शी मला जवळ बसवून घ्यायचा. बाया जंगलातून पानं आणायच्या, पुडे बांधून मांडायच्या, आणि कोणाचे किती पुडे ते मी लिहायचे. मुन्शीनं एक रीत शिकवली. गावाचं नाव पहिल्या ओळीत एकदाच लिहायचं. खालच्या प्रत्येक ओळीत त्या जागी दोन लहान तिरप्या रेघा. म्हणजे 'वरच्यासारखंच'. शाई वाचते, वेळ वाचतो. ही रीत हातात बसली ती बसलीच. पुढं जे झालं ते त्या दोन रेघांमुळं झालं, म्हणून आधीच लिहून ठेवते.

लग्न होऊन माजरीला आले. नवरा खाणीत ठेकेदाराकडं होता. मुलगी शाळेत इंग्रजी गिरवायची तेव्हा तिच्या बाजूला बसून मीही अक्षरं शिकले. ती सासरी गेली, घर रिकामं झालं, मग चंद्रपूरला दिवाकरभाऊंच्या ऑफिसात लागले. सायकलच्या दुकानावरची एक खोली, दोन कॉम्प्युटर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. फोटो पुसायचा, झाडू मारायचा, पाणी भरायचं, चहा करायचा. दिवाकरभाऊ साठीला आलेले. किराणा दुकानांना बिलं छापायचे प्रोग्राम लिहून देत. बोलायला मोकळे, पण जेवणाचा डबा बऱ्याचदा घरी विसरून यायचे.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, महिनाभर पडद्याकडं पाहू नका. नेमकं तेव्हाच एक मोठं काम आलं होतं. गडचिरोलीत आरोग्याचं काम करणारी एक लहानशी मंडळी होती. भामरागडकडच्या गावांत पावसाळ्यात रपट्यावरून पाणी जातं. रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. पाणी चढलं की रस्ता तुटतो, दवाखाना पलीकडं राहतो. रपटा बंद आहे की सुरू, ही सूचना तालुक्याहून वेबसाईटवर टाकतात. पण जंगलातल्या आशाबाईच्या, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेच्या, साध्या फोनवर वेबसाईट कुठून दिसणार? म्हणून दर तासाला आपल्या मशीननं ती पानं वाचायची आणि काही बदललं असेल तर आशाबायांना मेसेज पाठवायचा. काम एवढंच, पण पाण्याआधी व्हायला पाहिजे होतं.

"सिंधूबाई," भाऊ डोळ्यावर हिरवी पट्टी ठेवून म्हणाले, "तुमाले एबीसीडी येते न?"

"येते भाऊ. पण हळू वाचतो मी."

"हळूच पाह्यजे. घाईनं वाचणारे चुकतात. बसा इथी."

मी स्टुलाच्या कडेला बसले. त्याआधी त्या खोलीत मी कधी बसले नव्हते.

आता काम काय ते सांगते. वेबसाईटचं पान मागवलं की पान एकटं येत नाही. त्याच्या आधी काही ओळी येतात. त्या माणसाला दिसत नाहीत, मशीनला दिसतात. टपालाच्या पाकिटावर शिक्का असतो ना, तसं. पान कधी निघालं, शेवटचं कधी बदललं, हे त्यात असतं. आम्हाला पाहिजे होती ती शेवटच्या बदलाची तारीख. ती अशी येते: वाराची तीन इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, तारीख, महिन्याची तीन अक्षरं, वर्ष, मग तास, मिनिटं, सेकंद.

"मशीनले तारीख समजत नाई बाई," भाऊ सांगायचे. "तिच्यासाठी तो नुसता अक्षरायचा दोर हाय. कुठी कापायचा ते आपण सांगायचं. इथपर्यंत वार, इथून तारीख, हा महिना, ही वेळ. एक गाठ इकडची तिकडं झाली का झालं वाटोळं."

ज्या भाषेत ते लिहायचे तिचं नाव पायथन. मुलीनं फोनवर सांगितलं की त्याचा अर्थ अजगर. मला ते पटलं. जे तोंडासमोर ठेवलं ते गिळणार, आणि जे ठेवलं नाही त्याची चौकशी करणार नाही.

मी पडद्यावरच्या ओळी ऑफिसच्या वहीत उतरवायचे. वीज वारंवार जायची, मग वहीवरून मोठ्यानं वाचायचे, आणि भाऊ डोळे मिटून ऐकायचे. वीज आली की भाऊच बोटांच्या सवयीनं टाईप करायचे. ओळीच्या अगदी शेवटी तीन अक्षरं होती. जी, एम, टी. पहिल्या ओळीत मी ती लिहिली. दुसरीत तीच, तिसरीत तीच. चौथीपासून मी खाली दोन तिरप्या रेघा दिल्या. वाचताना रेघा काय वाचणार? तिथं थांबायचे आणि पुढची ओळ घ्यायचे. पहिली ओळ वाचायची वेळ आली तेव्हाही त्या तीन अक्षरांच्या आधीच थांबले.

विचारावंसं वाटलं होतं. "भाऊ, ही तीन अक्षरं काऊन आहेत?" एवढंच. पण वाटलं, सगळ्या ओळींत आहेत म्हणजे बिनकामाची असतील, सगळ्या पाकिटांवर 'जिल्हा गडचिरोली' असतं तशी. आणि झाडू मारणाऱ्या बाईनं पहिल्याच दिवशी काय विचारायचं.

प्रोग्राम चालू लागला. भाऊंचा डोळा बरा झाला, तरी त्यांनी मला स्टुलावरून उठवलं नाही. रोज सकाळी मशीननं कोणत्या तारखा वाचल्या त्याची यादी मी तपासायचे. बाहेरच्याला हे काम सोपं वाटेल. तारखेत चुकायला जागा किती असतात ते मला तिथं कळलं.

एका रपट्याचं पान महिन्याच्या सुरुवातीला आजारी पडायचं. एक तारखेला मशीन अडून बसायची, आणि दहा तारखेला आपोआप बरी व्हायची. दोन महिने भाऊंनी डोकं खाजवलं. "हिले पगार होईपर्यंत काम नाई करावं वाटत का काय?" असं म्हणायचे. मी पडद्यावर बोट ठेवून मोजत होते. त्या पानाची तारीख वेगळ्या धाटणीची होती. महिना आधी, तारीख नंतर. दहापासून पुढं महिना आणि तारीख यांच्या मधली फट माझ्या करंगळीच्या अर्ध्या नखाएवढी होती. नऊपर्यंत पूर्ण नखाएवढी.

"भाऊ, इथी दोन फटी हायेत."

भाऊंनी चष्मा वर केला, खाली केला, आणि जोरानं हसले. एक आकडी तारखेच्या आधी ते पान शून्य लावत नव्हतं, रिकामी जागा सोडत होतं. आमची मशीन प्रत्येक फटीला दोर कापायची, मग दोन फटींच्या मध्ये एक रिकामा तुकडा हातात यायचा, आणि ती त्यालाच तारीख समजून वाचायला जायची. त्या दिवशी चहा भाऊंनी केला. साखर जास्त झाली होती.

दुसरी गोष्ट मिरचीवाल्याची. पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी मशीननं कुठली तरी आठ दिवस जुनी सूचना उचलली आणि उन्हात वाळलेल्या रपट्यासाठी 'पाणी आहे, येऊ नका' असा मेसेज धाडला. बाजाराचा दिवस. गावं घरीच बसली. आशाबाईकडून नंबर घेऊन एका मिरचीवाल्यानं ऑफिसला फोन लावला.

"तुमच्याकडं पाणी हाय का बाई?"

"नाई. काऊन?"

"मंग धाडा न थोडं! तुमचा मेसेज म्हणते नाल्याले पूर, अन् मी नाल्यात खुर्ची टाकून बसलो. दोन बोऱ्या मिरची घरी नेऊ का आता?"

मी फोन भाऊंकडं दिला. फोनवर मला एरवीही बोलता येत नाही.

त्यानंतर भाऊंनी नियम घातला. पान बदलून सहा तासांपेक्षा जास्त झाले असतील तर ती सूचना शिळी. पाठवायची नाही, टाकून द्यायची. आम्ही लगेच चाचणीसाठी आपलंच एक पान बदलून पाहिलं, मेसेज गेला. दोघांनाही बरं वाटलं.

पुढचा पावसाळा आला. मेसेज जायचे. कधी गेले नाहीत तर आम्हाला कळायला मार्ग नव्हता. न आलेल्या मेसेजची तक्रार कोण करणार? ज्याला माहीतच नाही की तो यायचा होता, तो?

त्या दिवशी सकाळी सव्वादहाला फोन वाजला. भाऊ खाली हवा भरणाऱ्या माणसाशी बोलत होते, म्हणून मी उचलला. जैनीबाई होती, भामरागडकडच्या एका गावची आशा. तिच्याशी माझं अधूनमधून बोलणं व्हायचं, म्हणजे ती बोलायची. मागं पाण्याचा आवाज येत होता.

"बाई, मेसेज काऊन नाई आला?"

"कोणता?"

"रपट्यावरून पाणी चालून राह्यलं बाई, कमरेएवढं! मी रूपीले घेऊन आली इथवर. पहिलटकरीन हाय. पहाटेपासून कळा हायेत. तुमचा मेसेज नाई म्हणून मी म्हटलं, रस्ता सुरू असन. टॅक्टरवर घालून आणली. आता मांगं नेऊ का पुढं नेऊ?"

मागं कोणीतरी बाई गोंडीत काही बोलत होती, आणि एक लांब, दाबलेला आवाज. तो रूपीचा असावा.

मी म्हटलं, "थांब, पाहतो."

खिडकीतून भाऊंना हाक मारली. इतक्या मोठ्यानं मी कधी कोणाला हाक मारली नव्हती. ते जिना चढून येईपर्यंत मी सकाळची यादी उघडली. नऊ वाजता मशीननं त्या रपट्याचं पान वाचलेलं होतं. सूचना होती: रपटा बंद. पुढं लिहिलं होतं, पान बदललं दोन वाजून चाळीस मिनिटांनी. वय सहा तास वीस मिनिटं. शिळी. टाकून दिली.

दोन चाळीस म्हणजे रात्रीचे दोन चाळीस. भर पावसात, अंधारात, रपट्यावर जाऊन पाणी कोण मोजतं?

फोन चालूच होता. मी विचारलं, "जैनीबाई, तिथं चौकीदार हाय का? त्याले विचार, पाणी चढलं हे त्यानं वर किती वाजता सांगितलं."

ती ओरडून विचारत होती ते ऐकू आलं. मग म्हणाली, "आठले सांगितलं म्हणते. आठ वाजता पाणी वर आलं. त्याच्या आधी सुरू होतं म्हणते."

आठला सांगितलं, वर टाकायला दहा मिनिटं. आठ दहा. मशीन म्हणते दोन चाळीस. मी बोटांवर मोजलं. साडेपाच तास. कालच्या यादीतही सूचना अशाच अपरात्रीच्या दिसत होत्या. त्या मी रोज पाहत होते. तारीख बरोबर आहे ना एवढंच पाहत होते, वेळेकडं लक्ष दिलं नव्हतं.

मी ऑफिसची वही काढली. अगदी पहिलं पान. पहिल्या ओळीच्या शेवटी तीन अक्षरं. खाली रेघा, रेघा, रेघा.

"भाऊ," मी म्हटलं, "ओळीच्या शेवटी हे होतं. मी तुमाले वाचून नाई दाखवलं."

भाऊंनी वही डोळ्याजवळ नेली. तीन अक्षरांवर बोट ठेवलं.

"ही विलायतेची वेळ हाय," ते म्हणाले. "वेबसाईटा ह्याच वेळेत शिक्का मारतात. आपून तिच्यापुढं साडेपाच तास."

मला ते लगेच कळलं. नवऱ्याची तिसरी पाळी रात्री बारानंतर लागायची, पण ठेकेदाराच्या रजिस्टरात ती आदल्या दिवसावर चढायची. तो सकाळी घरी येऊन म्हणायचा, आज कालची हाजिरी झाली. वेळ एकच, पण रजिस्टर कोणाचं ते माहीत असल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. ती तीन अक्षरं म्हणजे रजिस्टर कोणाचं ते होतं.

आमची मशीन प्रत्येक सूचना साडेपाच तास म्हातारी समजत होती. तासाच्या शेवटच्या अर्ध्यात टाकलेली सूचना सहा तासांच्या आत बसायची आणि जायची. पहिल्या अर्ध्यात टाकलेली शिळी ठरायची. म्हणून मेसेज जातही होते आणि जातही नव्हते. पूर्ण बंद पडलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

भाऊ टाईप करू लागले. मी शेजारी उभी राहून वाचत होते, या वेळी शेवटच्या अक्षरापर्यंत. फोन टेबलावर ठेवलेला, त्यातून पाण्याचा आवाज. मध्येच जैनीबाई म्हणाली, "बाई, हायेस न?"

"हाय. फोन ठेवू नको."

"मी नाई ठेवत. बॅटरी ठेवते का नाई ते पाह्य."

भाऊंनी साडेपाच तास जोडले आणि मशीनला सगळी पानं पुन्हा वाचायला लावलं. रपटा बंद, ही सूचना गेली, आता तिचा काय उपयोग. पण तिच्या मागोमाग दुसरी निघाली. खालच्या घाटाचं पान. सव्वानऊला टाकलेलं, दहाला वाचलेलं आणि टाकून दिलेलं. त्यात लिहिलं होतं: खालच्या घाटावर मोठा डोंगा सुरू, बारा वाजेपर्यंत, पलीकडं गाडी उभी आहे. डोंगा म्हणजे लाकडी नाव.

मेसेज पोचायची वाट मी पाहिली नाही. फोन उचलला.

"जैनीबाई, खालच्या घाटावर जा. डोंगा हाय. बारापर्यंतच हाय. पलीकडं गाडी उभी हाय."

"खरं सांगून राह्यली न? तिथवर जायाले तासभर लागन टॅक्टरनं. मंग तिथं काई नसलं तं?"

मी भाऊंकडं पाहिलं. ते पडद्याकडं पाहत होते. हे उत्तर मलाच द्यायचं होतं, आणि ती माझ्या शब्दावर एका अडलेल्या बाईला तासभर चिखलातून नेणार होती. मी ओळ पुन्हा वाचली. वार, तारीख, महिना, वेळ, तीन अक्षरं. बोटांवर साडेपाच मिळवले.

"आज सव्वानऊची सूचना हाय," मी म्हटलं. "मी सोता वाचली. जा तू."

फोन बंद झाला.

त्यानंतर पाच तास काही नाही. भाऊंनी डबा उघडला नाही, मीही नाही. मी दोनदा झाडू मारला. साडेतीनला अनोळखी नंबरवरून फोन आला. जैनीबाई दवाखान्यातल्या कोणाच्या तरी फोनवरून बोलत होती.

"पोरगी झाली बाई. दोघी बऱ्या हायेत. डोंग्यात बसून रूपीनं नावाड्याले एवढ्या शिव्या देल्या, एवढ्या देल्या, का तो म्हणे अशी सवारी मले पुन्हा नको."

भाऊ हसले आणि मग चष्मा काढून पुसत बसले. मी म्हटलं, "भाऊ, चूक माझी होती."

"तुमी सांगितलं नाई, मी विचारलं नाई," ते म्हणाले. "अन् मले तं माहीत असाले पाह्यजे होतं. मी आयुष्यभर किराण्याची बिलं छापली, तिथं सगळी वेळ चंद्रपूरचीच असते."

इथं थांबले असते तर ही गोष्ट बरी दिसली असती. पण मशीन टाकून दिलेल्या सूचनाही लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी मी भाऊंना म्हटलं, ती यादी काढून द्या. पाऊस लागल्यापासून नियमानं शिळ्या ठरवलेल्या आणि खरं तर ताज्या असलेल्या सूचना. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. मी त्या सगळ्या माझ्या या वहीत उतरवल्या. गाव, वार, तारीख, वेळ. प्रत्येक ओळीत गावाचं नाव पूर्ण लिहिलं, लागोपाठ तेच असलं तरी.

मग मी फोन करायला बसले. भाऊ म्हणाले, मी करतो. मी नाही म्हटलं. मला फोनवर बोलता येत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते उठून खाली गेले आणि मला एकटं सोडलं. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. एकेका आशाबाईला विचारलं, अमुक दिवशी रपटा बंद होता आणि आमचा मेसेज आला नाही, तुमचं काही अडलं का? आणि सांगितलं, चूक आमची होती.

बहुतेक हसल्या. एक म्हणाली, "आमाले कुठी मेसेज लागते बाई, नाला घरातून दिसते." एकीचं शिबिर चुकलं होतं. एकीचा मुलगा शाळेतून परत येऊ शकला नाही, मास्तरांच्या घरी राहिला आणि तिथं अंड्याची भाजी खाऊन खूश झाला. मी प्रत्येक ओळीपुढं लिहीत गेले. काही नाही. शिबिर चुकलं. मुलगा मास्तरकडं राहिला.

एका गावच्या बाईनं माझं सगळं ऐकून घेतलं. मी तारीख सांगितली, वेळ सांगितली. मला वाटलं रेंज गेली. मी म्हटलं, "बाई, ऐकून राह्यली न?"

"ऐकून राह्यलो," ती म्हणाली. "आता काऊन विचारता?"

आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. जैनीबाईला विचारलं, तर ती म्हणाली, ते गाव दूर पडते, मले माहीत नाई. खरंच माहीत नसेल, किंवा मला सांगायचं नसेल.

आजही मी ऑफिसात जाते. फोटो पुसते, मग स्टुलावर बसून तारखा वाचते. आता काही न समजलं तर विचारते, अगदी दिसायला सोपं असलं तरी. भाऊ कधी वैतागतात. "अवो सिंधूबाई, हा स्वल्पविराम हाय, फक्त स्वल्पविराम!" मग मी विचारते, तो इथंच का आहे. कधी कधी त्यांनाही माहीत नसतं, मग आम्ही दोघं शोधतो.

यादी या वहीच्या मागच्या पानांवर आहे. सगळ्या ओळींपुढं काही ना काही लिहिलेलं आहे. त्या एका ओळीपुढं नाही. गाव, वार, तारीख, वेळ, आणि पुढं कोरं. वरच्या ओळीत 'काही नाही' असं आहे. त्याखाली दोन तिरप्या रेघा द्यायला हात कितीदा तरी गेला. मी दिलेल्या नाहीत.